इंग्लंडमधल्या ईस्टबर्नहून पत्र

ती. बाबा व आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर आई रडायला लागली आणि बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितोय. तुम्ही पाहिलात तो समुद्रकाठचा कडा कोसळतानाचा व्हिडिओ बर्लिंग गॅप या जागेचा. मी राहतो ईस्टबर्न शहरात, तिथून सात-आठ किलोमीटर अलीकडे. माझ्या खोलीतून समुद्र दिसतसुद्धा नाही. तब्येत चांगली आहे, जेवण वेळेवर होतं, रात्रपाळीचा त्रास नाही. काकांना कोणी काहीही सांगो, मी कड्यावर राहत नाही.

रविवारी मुद्दाम तिकडे जाऊन आलो. कड्याच्या टोकाशी जी घरं दिसतात ती १८७८ साली कोस्टगार्डच्या माणसांसाठी बांधलेली. हे दल १८२२ साली उभं राहिलं ते चोरटी दारू आणि तंबाखू पकडायला. शिपाई मुद्दाम लांबच्या गावचे नेमायचे, म्हणजे किनाऱ्यावरच्यांशी साटंलोटं होणार नाही. मग अशा माणसाला गावात भाड्याने खोली कोण देणार? म्हणून सरकारनेच ठिकठिकाणी अशा ओळी बांधल्या. एकाला एक लागून घरं, मधल्या भिंती सामाईक, अगदी चाळीसारखी. १८५६ नंतर दल आरमाराकडे गेलं आणि पुढे पुढे बुडत्या जहाजांवरची माणसं वाचवणं हे मोठं काम झालं.

बाबा, मला कळेना ती गोष्ट वेगळीच. तिथे बंधारा नाही! आपल्या देवबागात पावसाळा आला की धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी अर्जावर अर्ज जातात. इथे रहिवाशांनी मागितला तरी मिळाला नाही. कडा खडूचा आहे. पडलेला तुकडा हातात घेतला तर बोटं पांढरी होतात, मध्ये काळ्या गारगोट्या. लाटा पायथा खातात, वरचा भाग ढासळतो, म्हणूनच तो पांढराशुभ्र राहतो. पायथा बांधून काढला तर उतार पडेल, गवत माजेल. जागा नॅशनल ट्रस्टची, म्हणजे निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेची आहे आणि समुद्राला त्याचं काम करू द्यावं हे त्यांचं धोरण. कडा घराला भिडायला आला की माणसं आधी बाहेर निघतात, मग टोकाचं तेवढंच घर उतरवतात. कालपर्यंत दोन घरांमधली असलेली भिंत आता वारा-पाऊस झेलते. अशी काही घरं गेली. पलीकडे ककमिअर नदीच्या मुखावर अशीच पांढरी घरं आहेत, तिथल्या लोकांनी मात्र ती वाचवायला वर्गणी काढली. आणि जवळच बेल टूट नावाचं १८३४ सालचं जुनं दीपगृह आहे. ते १९९९ मध्ये जॅकवर उचललं आणि ग्रीस लावलेल्या तुळयांवरून १७ मीटर मागे सरकवलं. दगडी इमारत, जशीच्या तशी! तुम्ही हवे होतात बघायला.

हे सगळं लिहिलं ते कारणाने. आपल्या घराला समुद्राच्या अंगाला पर्यटकांसाठी दोन खोल्या काढायच्या म्हणता, त्याला मी पैसे देणार नाही. रागवा हवं तर. त्याच खोल्या रस्त्याकडे काढा, चिऱ्यांपासून स्लॅबपर्यंत सगळा खर्च माझा. दूर बसून सांगणं सोपं आहे, हे मला कळतं. पावसात वाळूची पोती तुम्ही आणि दादा रचता, मी नाही.

सोनूच्या लग्नाचे दोन लाख या आठवड्यात खात्यात येतील. हॉल आणि जेवणाचा आगाऊ त्यातून द्या, कोणाकडे उसने मागू नका. गणपतीला मात्र येत नाही. रजा आहे, पण ती लग्नाला ठेवली आहे, दोन्ही जमत नाही. आईने याचं वाईट वाटून घेऊ नये, मी इथे मजेत आहे. माझ्या लग्नाचं सोनूचं झाल्यावर बघू. काकीने सांगितलेल्या स्थळाला तोवर होय म्हणू नका, नाहीही म्हणू नका. सोनूला सांगा, साडी आवडेल ती घे, किंमत बघू नकोस.

तुमचा,
बाबू