१२एस म्हणून विकलेले ५० व्होल्टचे ईएससी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : हेवी-लिफ्ट ड्रोनच्या संचातील आठही ईएससी सदोष असल्याबाबत

महोदय,

सहा किलोचा कॅमेरा आणि गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा) उचलू शकेल असा एक्स-८ ड्रोन, म्हणजे चार आर्म आणि प्रत्येकावर वर-खाली दोन मोटर, बांधण्यासाठी मी तुमच्याकडून फ्रेम, मोटर, प्रॉप (पंखे) आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी सर्किटे) असा सगळा संच मागवला. चार ठिकाणांहून सुटे भाग घेतले नाहीत, कारण उद्या काही बिनसले तर ‘तो भाग आमचा नाही’ हे ऐकायची इच्छा नव्हती. आता ऐकतोय ते असे की भाग आमचा आहे, पण चूक तुमची.

जुळणी झाल्यावर गिंबल न लावता मी फ्रेम पट्ट्यांनी जमिनीला आवळली आणि नुकत्याच पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर मोटर फिरवल्या. थ्रॉटल अर्ध्याच्या थोडा वर नेला आणि झटकन खाली आणला. त्याच क्षणी मागच्या डाव्या आर्मवर फटाक्यासारखा आवाज झाला आणि खालच्या मोटरच्या ईएससीतून धूर निघाला. कपॅसिटर फुटला होता.

तुमच्या तंत्रज्ञांनी ‘सोल्डरिंग कच्चे’ असे निदान केले, तेही फोटो न मागता. नंतर मी फोटो पाठवले. सोल्डरचे सांधे शाबूत आहेत, पण त्या फोटोत बघायची गोष्ट वेगळीच आहे. कपॅसिटरच्या अंगावर ५० व्होल्ट असे छापले आहे. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर असतो, बारा सेलचे होतात ५०.४. म्हणजे बाहेरच्या स्टिकरवर १२एस, अर्थात बारा सेलच्या बॅटरीसाठी, आणि आतला कपॅसिटर मात्र मोटर फिरायच्या आधीच मर्यादेबाहेर! त्यात थ्रॉटल एकदम उतरवला की ब्रेकिंगमुळे मोटर जनरेटरसारखी वागते आणि वीज उलटी येते. बॅटरीची वायर लांब असली की व्होल्टेजची उसळी आणखी वाढते, आणि वायरची लांबी तुमच्याच आराखड्यातली आहे. माझ्या जुन्या १२एस ड्रोनच्या ईएससीवर ६३ व्होल्टचे कपॅसिटर आहेत, ते उगाच नाहीत.

मग उरलेले सातही उघडले. (यामुळे वॉरंटी जाते हे मला माहीत आहे. न उघडता कळले असते तर उघडले नसते.) सातांवरही ५० व्होल्टच.

म्हणून ‘एक ईएससी सवलतीत बदलून देऊ’ हा तुमचा प्रस्ताव मला मान्य नाही. एक मोटर बंद पडली तर त्याच आर्मवरची दुसरी सांभाळून घेईल, या भरवशावरच लोक एक्स-८ बांधतात. पण दोष आठांतही तोच असेल तर दुसरी तरी टिकेल कशावरून? चोवीस किलोचे यंत्र आहे आणि शूटिंगच्या वेळी खाली माणसे असतात.

जाता जाता थ्रस्टबद्दलही, म्हणजे प्रॉपच्या उचलण्याच्या जोराबद्दल, लिहितो. तुमच्या तक्त्यात एका मोटरच्या सात किलोला आठने गुणून ५६ किलो दाखवले आहेत. वरच्या प्रॉपने ढवळलेल्या हवेत खालचा प्रॉप फिरतो, त्याची घट कुठेच धरलेली नाही. वीस टक्के जरी धरली तरी हाती ४५ किलोच्या आत उरतात, म्हणजे वजनाच्या दुप्पटही नाही. फ्रेमबद्दल मात्र तक्रार नाही, कार्बनच्या नळ्या आणि घडीचे सांधे उत्तम आहेत.

माझी मागणी अशी : आठही ईएससी ६३ व्होल्टच्या कपॅसिटरसह विनामूल्य बदलून द्यावेत किंवा त्यांची पूर्ण रक्कम परत करावी. थ्रस्टचा तक्ता एक्स-८ साठी दुरुस्त करून पाठवावा. आणि याच लॉटचे ईएससी ज्यांना विकले असतील त्यांना उड्डाण थांबवायला लगेच कळवावे. माझे काम चार दिवस अडले तरी चालेल, पण हे आजच करा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन. सदोष ईएससी तुमच्या खर्चाने परत नेता येतील, फक्त फुटलेला मी माझ्याकडे ठेवणार आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, आठही कपॅसिटरचे फोटो, चाचणीचा व्हिडिओ