विषय: वॉटर प्युरिफायरचा यूव्ही बंद, मशीनवर 'प्युअर'चा दिवा चालू, आणि कस्टमर केअर म्हणतंय पाणी उकळून प्या

प्रति,
सर्व्हिस विभाग प्रमुख

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरशी बोलणं झालं, म्हणजे तिकडून कट झालं, म्हणून हे लिहितोय. मॉडेल, बिल, कम्प्लेंट नंबर सगळं तुमच्या सिस्टीमला आहे, दरवेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सांगून तोंड दुखलं.

मशीनचा यूव्ही लॅम्प, म्हणजे पाण्यातले जंतू मारणारा अतिनील दिवा, लागत नाहीये. तुमच्याच टेक्निशियनने मागचं कव्हर काढून बघितलं, 'हो सर, चोक गेलाय बहुतेक, पार्ट मागवतो' म्हणाला (चोक म्हणजे लॅम्पला वीज पुरवणारा भाग), कव्हर लावलं, ग्लासात टीडीएस मीटर बुडवला, '४५ आहे, पाणी एकदम ओके' म्हणाला आणि गेला. तो जिना उतरेपर्यंत मला मेसेज, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया रेटिंग द्या. पार्ट अजून आलेला नाही. समोरचा निळा दिवा मात्र मजेत 'प्युअर' दाखवतोय. ब्रोशरमध्ये यूव्ही फेल अलार्म छापलाय तो कुठल्या मशीनला असतो तेवढं कळवा.

आता आजचा फोन. मराठीसाठी ३ दाबलं, हिंदी आलं, ते जाऊ दे. मी सांगितलं यूव्ही बंद आहे. मॅडम म्हणाल्या, सर टीडीएस किती येतोय? मी म्हटलं ४५, पण त्याचा यूव्हीशी संबंध नाही. त्या म्हणाल्या, सर ४५ म्हणजे पाणी सेफ आहे. मी म्हटलं मॅडम, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, तो मीटर पाण्यातून वीज किती जाते ते बघतो, त्याला बॅक्टेरिया दिसत नाहीत, वजनकाट्यावर उभं करून ताप बघताय तुम्ही. थोडा वेळ शांतता. मग होल्डवर ती ट्यून. मग परत आल्या आणि काय म्हणाल्या, 'सर, पार्ट येईपर्यंत पाणी उकळून प्या ना.'

उकळून प्या! अहो, उकळून प्यायला तर महापालिकेने २०२५ च्या जानेवारीत फुकटात सांगितलं होतं. मी सिंहगड रोडला राहतो. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी इथे जीबीएसचे (गिलियन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट निघत होते, कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस ही जंतूंची नावं पेपर वाचून पाठ झाली होती, घरात म्हातारी आई, तेव्हा तुमचा सेल्समन आला. नळाच्या पाण्यात दोन लोखंडी सळ्या घालून करंट सोडला, पाणी तपकिरी झालं, 'बघा काका काय पिताय' म्हणाला. तो गाळ त्या सळ्यांच्याच लोखंडाचा होता हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहिती आहे. आणि आरओच्या, म्हणजे मेंब्रेनच्या बारीक पडद्यातून दाबाने गाळलेल्या, पाण्यात क्षारच नाहीत तर करंट वाहणार कुठून, ते स्वच्छच दिसणार.

आमच्या नळाचा टीडीएस ८० च्या आसपास. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, मर्यादा ५०० आहे. एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, २०१९ मध्येच सांगितलं होतं की ५०० च्या खाली आरओ नको. म्हणजे क्षार हा आमचा प्रॉब्लेम कधी नव्हताच, जंतू होते, आणि जंतूंसाठी जो पार्ट आहे नेमका तोच बंद. आणि आरओ म्हणून ग्लासभर पाण्यामागे दोनतीन ग्लास मोरीत जातंय ते वेगळंच.

आता तुमचं उत्तर येईल की आरओ मेंब्रेन पण जंतू अडवतं. मग तुमच्याच माणसाने इन्स्टॉलेशनला टीडीएस १२ आला, पाणी बेचव लागेल म्हणून टीडीएस कंट्रोलर उघडून ठेवला त्याचं काय? ४५ झाला तो त्यानेच ना? त्या वाटेने येणारं पाणी मेंब्रेनमधून जातच नाही, त्याच्यासाठी फक्त यूव्ही, आणि यूव्ही बंद. वर कार्बन फिल्टर महापालिकेचं क्लोरीन काढून टाकतो, मग ते पाणी टाकीत रात्रभर तसंच. म्हणजे सध्या तुमच्या मशीनपेक्षा माझा नळ बरा. एवढं साधं तुमच्या एकालाही कळू नये? की कळतंय आणि तरी टीडीएस टीडीएस करायला ट्रेनिंग दिलंय? कारण विचारलं काहीही तरी उत्तर टीडीएसच येतं.

एएमसीचे (वर्षभराच्या देखभालीचे) पैसे आधीच घेतलेत आणि आता म्हणे लॅम्प कव्हर्ड आहे, चोक नाही. म्हणजे बल्ब तुमचा, वीज माझी. छान.

तुमच्या नावावर विश्वास होता हो, शेजाऱ्यांनी साधं कँडलवालं फिल्टर घेतलं तेव्हा मी त्यांना शहाणपणा शिकवला होता.

येत्या सोमवारपर्यंत लॅम्प आणि चोक दोन्ही बदलून पाहिजेत, एक पैसा देणार नाही, आणि येणाऱ्या माणसाने टीडीएस मीटर घरी ठेवून यावं. यूव्ही चालू झालेला मला स्वतःला दाखवायचा, त्याशिवाय कम्प्लेंट क्लोज करायची नाही. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतो आणि तिथून पुढे जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंत फी पण लागत नाही. 'सोडवण्यात आली आहे'चा मेसेज आणि कव्हर काढलेले फोटो जपून ठेवलेत.

रेटिंग मागत होतात ना, ते तिथेच देईन.

एक ग्राहक
सिंहगड रोड, पुणे