लाजाळू दमली की शिकली?

महोदय,

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात ‘वनस्पतींनाही स्मरणशक्ती असते’ असा तक्ता आणि शेजारी लाजाळूची कुंडी हमखास दिसते. मुलं पानांना बोट लावत राहतात; पानं मिटेनाशी झाली की ‘झाड शिकलं’ असं जाहीर होतं. निष्कर्ष कदाचित बरोबर असेल, प्रयोग मात्र चुकीचा आहे.

लाजाळूच्या देठाच्या आणि पर्णिकांच्या बुडाशी फुगीर सांधे असतात. स्पर्श झाला की तिथल्या पेशींतून पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर पडतं, पाठोपाठ पाणी जातं, सांधा ढिला पडतो. पाणी परत भरून पान पूर्ण उघडायला दहा-वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ न देता बोट लावत राहिलं तर पान मिटत नाही, कारण मिटायला सांध्यात पाणीच उरलेलं नसतं. याला दमणं म्हणतात. शिवाय बोटाचा जोर दर वेळी सारखा नसतो.

2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ऑस्ट्रेलियातल्या संशोधक मोनिका गॅग्लियानो आणि सहकाऱ्यांनी बोट न लावता कुंडीच 15 सेंटिमीटरवरून फोमवर पाडली, ओळीने 60 वेळा, आणि दिवसभरात अशा फेऱ्या पुन्हा पुन्हा केल्या. पानं मिटायची थांबली. मग कुंडी वेगळ्या पद्धतीने हलवली, तर तीच पानं लगेच मिटली. म्हणजे दमली नव्हती, असा त्यांचा निष्कर्ष. 28 दिवसांनीही पडण्याकडे रोपांनी दुर्लक्ष केलं. या निष्कर्षावर 2018 मध्ये आक्षेप आला, तोही वाचण्याजोगा आहे: थकवा पूर्णपणे वगळला गेला, हे या तपासणीतून सिद्ध होत नाही.

शाळेत हे करायचं तर निदान दहा कुंड्या हव्यात. पाच पाडायच्या, पाच नुसत्या शेजारी ठेवायच्या. रस्त्याकडेची लाजाळू उपटून आणली असेल तर आठ-दहा दिवस तिला रुजू द्या, मुळं दुखावलेलं रोप मंद असतं. प्रयोग सकाळी करा. अंधार पडला की पानं आपोआप मिटतात आणि सगळी मापं फुकट जातात. कुंडी दोन उभ्या पट्ट्यांमधून सरळ खाली येऊ द्या, डगमगली की धक्का बदलतो. ‘मिटलं’ किंवा ‘नाही मिटलं’ असं न लिहिता पट्टीने पानाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा. पानं स्थिर राहू लागली की कुंडी आडवी हलवा आणि पानं पूर्ण उघडल्यावर पुन्हा एकदा पाडा. हलवल्यावर मिटणं आणि पुढच्या पडण्याला न मिटणं, या दोन्ही नोंदी नसतील तर तक्त्यावर ‘स्मरण’ हा शब्द लिहू नये. आठवड्याने दहाही कुंड्या एकेकदा पाडून बघा.

पंख्याचा वारा ही निळ्या प्रकाशाची खूण आहे, अशी सांगड वाटाण्याच्या रोपांना घालता येते, हा 2016 चा दावा मात्र मुलांपुढे ठेवताना सावध राहावं. 2020 मध्ये जास्त रोपं घेऊन तोच प्रयोग केला गेला, तेव्हा तसं काही आढळलं नाही.

मेंदू नसताना आठवण राहते कुठे, हे सगळ्यात नीट उलगडलंय ते थंडीच्या बाबतीत. मोहरीच्या कुळातल्या ॲरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात फुलोरा रोखून धरणारं एक जनुक असतं. थंडीत ते एकेका पेशीत बंद होतं. पेशीत अर्धवट असं काही नसतं, चालू किंवा बंद. थंडीचे आठवडे वाढले की बंद पेशींची संख्या वाढते, आणि ऊन वाढल्यावरही त्या बंदच राहतात. नवं बी धरताना मात्र ही पाटी पुसली जाते, म्हणून पुढच्या पिढीला आपला हिवाळा स्वतः सोसावा लागतो.

कांद्याची यंत्रणा हुबेहूब हीच नाही, पण थंडीची नोंद तोही ठेवतो, आणि ती शेतकऱ्याला डेंगळ्यांच्या, म्हणजे अकाली येणाऱ्या फुलांच्या दांड्यांच्या, रूपात भोवते. कोवळ्या रोपाला थंडी लागली तर फारसं बिघडत नाही. मान जाड झाल्यावर साधारण 8 ते 13 अंशांचा गारठा काही आठवडे मिळाला की आत दांडा ठरतो, दिसतो मात्र पुढे, थंडी ओसरू लागल्यावर. म्हणून सात-आठ आठवड्यांपेक्षा जुनी रोपं लावली की डेंगळे वाढतात. दिसल्यावर मोडून काही साधत नाही. कांद्याच्या मधोमध कडक दांडा राहतोच, आणि तसा कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही.

– वनस्पतिशास्त्राचा एक शिक्षक, निफाड