संकटकाळातील मदतीत स्वयंरोजगारिताची मजुरीही धरा

महोदय,

साथ, पूर, भूकंप किंवा एकाएकी कोसळलेली बाजारपेठ, यांपैकी कोणतेही संकट आले तरी पगारदारांसाठी काय करायचे याची उत्तरे सरकारांकडे बऱ्याच अंशी तयार असतात, कारण पगाराचा आकडा कागदावर असतो आणि तो देणारा मालकही ठरलेला असतो. सुतार, शिंपी, रिक्षाचालक, खासगी शिकवणी घेणारे, भाषांतरकार, वादक अशा स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्यांसाठी मात्र प्रत्येक वेळी नव्याने योजना आखावी लागते आणि ती बहुधा घाईत आखली जाते. २०२०-२१ च्या महासाथीत अनेक देशांनी अशा योजना काढल्या आणि त्यांचे बरेवाईट परिणाम आता पुरेसे स्पष्ट झाले आहेत. ते पाहता मला एकच मुद्दा आग्रहाने मांडावासा वाटतो. स्वयंरोजगारिताची स्वतःची मजुरी हा त्याच्या व्यवसायाचाच खर्च आहे, आणि संकटकाळात तो खर्च भागवण्यासाठी अनुदान द्यायला हवे, कर्ज नव्हे. छोट्या व्यावसायिकांचे हिशेब आणि कराची विवरणपत्रे तयार करणे हा माझा व्यवसाय असल्याने नियमातील एखादी ओळ किती जणांना आत घेते आणि किती जणांना बाहेर ठेवते, याची मला थोडीफार कल्पना आहे.

या बाबतीत जर्मनीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तेथील केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये तातडीच्या मदतीची योजना जाहीर केली. पाचपर्यंत कर्मचारी असलेल्या व्यवसायांना, म्हणजे एकट्याने काम करणाऱ्यांनाही, तीन महिन्यांसाठी ९,००० युरोपर्यंत अनुदान मिळणार होते. पैसे झटपट मिळालेही. परंतु हे अनुदान गाळ्याचे भाडे, यंत्रसामग्रीचे हप्ते अशा व्यवसायाच्या चालू खर्चापुरतेच होते, स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी ते वापरता येणार नव्हते. ज्याचा व्यवसाय म्हणजे एक संगणक, एक व्हायोलिन किंवा शिकवण्याचे कौशल्य, त्याला गाळ्याचे भाडे कुठले? त्याचा मुख्य खर्च म्हणजे तो स्वतः. अशांना सरकारने किमान निर्वाहभत्त्याच्या सामाजिक साहाय्य योजनेकडे बोट दाखवले. त्या योजनेतील मालमत्तेच्या अटी सैल केल्या होत्या हे खरे, पण कालपर्यंत कमावून कर भरणाऱ्या माणसाला ती वाट अपमानाची वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही. पुढे खर्चाचा ताळमेळ मागण्यात आला आणि अनेकांना रक्कम परत करण्याचे आदेश निघाले. नॉर्थ राइन-वेस्टफालिया या राज्यात हे प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च २०२३ मध्ये तेथील उच्च प्रशासकीय न्यायालयाने असे परतफेडीचे आदेश बेकायदा ठरवले. मदत देताना सांगितलेले निकष आणि वसूल करताना लावलेले निकष यांत अंतर पडले की काय होते, ते यातून दिसते. जर्मन सरकारला स्वतःलाही हा दोष उमगला असावा, कारण २०२१ च्या पहिल्या सहामाहीसाठी एकट्याने काम करणाऱ्यांकरिता वेगळी योजना काढून पूर्वीच्या उलाढालीच्या प्रमाणात ७,५०० युरोपर्यंतची ठोक रक्कम देण्यात आली आणि ती घरखर्चाला वापरण्याचीही मुभा ठेवण्यात आली.

दुसरा घोळ उत्पन्न मोजण्याचा. एकूण जमा धरायची की खर्च वजा जाता उरलेला निव्वळ नफा धरायचा, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो, पण योजनेचे भवितव्य त्यावर ठरते. अमेरिकेत छोट्या व्यवसायांच्या वेतनासाठी जी माफ होऊ शकणारी कर्जे देण्यात आली, त्यांत एकट्याने काम करणाऱ्यांना २०१९ च्या निव्वळ नफ्याच्या आधारे अडीच महिन्यांची रक्कम मिळत होती. आता ज्याने त्या वर्षी नवे वाहन किंवा यंत्र घेऊन घसारा, म्हणजे त्याच्या झिजेपोटी खर्चात धरायची रक्कम, दाखवला, त्याचा कागदावरचा नफा शून्यावर येतो, आणि म्हणून त्याला मदतही शून्य. वर्षभर त्याने घर चालवले होते, काम केले होते, गिऱ्हाईक सांभाळले होते, पण सूत्रात यातले काहीच बसत नव्हते. मार्च २०२१ मध्ये नियम बदलून एकूण उत्पन्न धरण्याची मुभा देण्यात आली, परंतु ज्यांची कर्जे आधीच मंजूर झाली होती त्यांना तो बदल मागील तारखेपासून लागू केला नाही. म्हणजे ज्यांनी सर्वांत आधी अर्ज केले, तेच नुकसानीत राहिले. यातून लोकांनी काय शिकावे? पुढच्या वेळी वाट पाहावी, असेच ना?

कॅनडात याच प्रश्नाने वेगळे वळण घेतले. तेथे दर चार आठवड्यांना २,००० डॉलर देणारी आपत्कालीन मदत सुरू झाली आणि त्यासाठी आधीच्या काळात किमान ५,००० डॉलरची मिळकत असणे आवश्यक होते. स्वयंरोजगारितांच्या बाबतीत ही मिळकत एकूण धरायची की निव्वळ, याचा खुलासा सुरुवातीला सर्वांपर्यंत पोहोचला नाही. हजारो लोकांनी एकूण मिळकत धरून प्रामाणिकपणे अर्ज केले आणि वर्षअखेरीस त्यांच्या हाती पात्रतेबाबत विचारणा करणारी पत्रे पडली. शेवटी फेब्रुवारी २०२१ मध्ये, बाकी अटी पूर्ण करणाऱ्या अशा अर्जदारांकडून वसुली होणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले. सरकारने चूक दुरुस्त केली याचे श्रेय द्यायला हवे, पण मधल्या काळात त्या कुटुंबांनी जी धास्ती घेतली ती भरून निघत नाही.

ब्रिटनने या तुलनेत अधिक नेटके काम केले, असे माझे मत आहे. आधीच्या तीन वर्षांपर्यंतच्या विवरणपत्रांवरून सरासरी व्यावसायिक नफा काढून त्याच्या ८० टक्के रक्कम, तीन महिन्यांसाठी मिळून ७,५०० पौंडांच्या मर्यादेत, अनुदान म्हणून देण्यात आली. कर खात्याकडे आकडे होतेच. त्याने स्वतःच रक्कम काढली आणि पात्र व्यक्तींशी संपर्क साधला. अर्जदाराला पावत्यांची चळत घेऊन फिरावे लागले नाही, आणि ती रक्कम कुठे खर्च केली असेही कोणी विचारले नाही. अनुदान करपात्र होते, आणि तेही योग्यच. एकूण पाच अनुदाने दिली गेली, त्यांतील प्रमाण मात्र सारखे नव्हते. तरीही भोके राहिलीच. नुकताच व्यवसाय सुरू केलेल्यांचे विवरणपत्र नव्हते म्हणून ते जवळजवळ वर्षभर बाहेर राहिले. ज्यांचा वार्षिक व्यावसायिक नफा ५०,००० पौंडांहून अधिक होता किंवा ज्यांच्या एकूण उत्पन्नात व्यवसायाचा वाटा निम्म्याहून कमी होता, तेही वगळले गेले. अर्धवेळ नोकरी आणि अर्धवेळ स्वतःचे काम अशी कसरत करणाऱ्याला हा निकष फार जाचक ठरतो, कारण त्याची नोकरी टिकली तरी घराचा अर्धा आधार गेलेलाच असतो.

आता कर्जाकडे वळतो. कर्जाला माझा सरसकट विरोध नाही. दुकान पुन्हा उघडताना माल भरायचा आहे, बिघडलेले यंत्र दुरुस्त करायचे आहे, अशा वेळी सवलतीच्या व्याजाने मिळणारे खेळते भांडवल फार मोलाचे असते. आपल्याकडे १ जून २०२० रोजी सुरू झालेली पंतप्रधान स्वनिधी योजना अशाच गरजेसाठी होती. पथविक्रेत्यांना १०,००० रुपयांचे विनातारण कर्ज, वर्षभरात मासिक हप्त्यांनी परतफेड, वेळेवर फेडल्यास ७ टक्के व्याज अनुदान आणि पुढे वाढीव रकमेचे कर्ज, अशी तिची रचना होती. सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा ती निश्चितच चांगली. परंतु गिऱ्हाईकच रस्त्यावर नसताना घेतलेले कर्ज मालात न जाता घरखर्चात जाते, आणि मग ज्या कमाईतून ते फेडायचे ती कमाई त्या कर्जाने निर्माण होत नाही. बुडालेली मजुरी पुन्हा मिळत नसते. न्हाव्याने बंद काळातील केस नंतर दुप्पट कापले, असे होत नाही. त्यामुळे बंदीच्या काळासाठी अनुदान आणि उघडण्याच्या काळासाठी कर्ज, हा क्रम ज्या सरकारने उलटवला त्याने संकट पुढच्या वर्षावर ढकलले, एवढेच म्हणता येईल.

सरकारी हमीच्या कर्जाबाबत आणखी एक गैरसमज हिशेबाच्या टेबलाशी वारंवार भेटतो. सरकारने शंभर टक्के हमी दिली आहे, म्हणजे आपण बुडालो तर सरकार भरेल, असे लोक समजतात. हमी असते ती बँकेला, कर्जदाराला नव्हे. ब्रिटनमध्ये मे २०२० मध्ये सुरू झालेल्या २,००० ते ५०,००० पौंडांच्या कर्ज योजनेत बँकांना पूर्ण हमी होती आणि पहिल्या वर्षाचे व्याज सरकारने भरले, तरी मुद्दल फेडण्याची जबाबदारी संपूर्णपणे कर्जदाराचीच होती. पुढे मुदत सहा वर्षांवरून दहा वर्षांपर्यंत वाढवण्याची सोय करावी लागली, यावरून किती जणांना हप्ते जड जात असतील ते ताडता येते. अर्जाच्या पहिल्याच पानावर ही बाब ठळकपणे छापणे बंधनकारक करावे, त्याला काही खर्च येत नाही.

अनुदान दिले की खोटे अर्ज येतात, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो निराधार नाही, पण तो कर्जालाही तेवढाच लागू आहे. वर उल्लेखलेल्या ब्रिटनच्या कर्ज योजनेत कर्जदाराने स्वतः दिलेल्या माहितीवर विसंबून झटपट पैसे देण्यात आले आणि नंतर तिच्यावर गैरव्यवहारांसाठी मोठी टीका झाली. उलट, कर खात्याने स्वतःच्या नोंदींवरून रक्कम ठरवली, तर लबाडीला वाव कमी राहतो. लबाडी रोखायची ती आधीपासून ठेवलेल्या नोंदीने. पैसे देऊन झाल्यावर प्रत्येक पावती मागत बसल्याने लबाड सुटतात आणि साधी माणसे अडकतात.

अर्थात येथे नोंदणीचा प्रश्न येतो, आणि जेथे बहुसंख्य स्वयंरोजगारित विवरणपत्र भरतच नाहीत तेथे तो सर्वांत अवघड आहे. स्वनिधी योजनेत पालिकेच्या सर्वेक्षणात नाव नसलेल्या विक्रेत्यांसाठी शिफारसपत्राची सोय ठेवली होती, ही कल्पना मला व्यवहार्य वाटते. व्यवसाय संघटना, वीजबिल, परवाना, बँक खात्यातील किंवा मोबाइलवरून झालेली नियमित जमा, यांपैकी कशावरही प्राथमिक नोंद व्हावी आणि ती संकट नसताना व्हावी. कर आकारणीच्या भीतीने लोक नोंदणी टाळतात, हे मी जवळून पाहतो. नोंद म्हणजे कर नव्हे, अशी लेखी हमी दिल्याखेरीज ही भीती जाणार नाही. ज्यांचे मागील उत्पन्न कोणत्याच कागदावरून काढता येत नाही, त्यांना सरासरी काढत बसण्याऐवजी ठरावीक ठोक रक्कम द्यावी आणि ती किमान निर्वाहाइतकी तरी असावी.

शेवटी एक विनंती आपणासही आहे. मे २०२० मध्ये २० लाख कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले, तेव्हा त्यात उद्योगांसाठीची ३ लाख कोटींची हमीची कर्जे आणि बँकांकडे रोख पैसा खेळता राहावा म्हणून रिझर्व्ह बँकेने आधीच केलेल्या उपाययोजनाही धरल्या होत्या. बातम्यांत मात्र बहुतेक ठिकाणी एकच आकडा झळकत राहिला आणि आमच्या टेबलाशी लोक ‘आमच्या वाट्याचे किती?’ असे विचारत आले. यापुढे अशी घोषणा होईल तेव्हा थेट हातात पडणारे अनुदान किती, फेडावे लागणारे कर्ज किती आणि केवळ बँकांना दिलेली हमी किती, असे तीन आकडे आपल्या वृत्तपत्राने पहिल्या पानावर वेगवेगळे छापावेत.

आपला,
एक करसल्लागार वाचक