परदेशी तज्ज्ञ आणि चौकातले सोळा सेकंद

महोदय,

परदेशातून कुशल माणसं आणायची म्हटलं की चर्चा पगार, करसवलत आणि व्हिसापाशी थांबते. होकार दिलेला माणूस रस्त्यापायी मागे फिरू शकतो, हे कोणी हिशेबात धरत नाही.

कार्यालय गाठायला रोज नेमकी 40 मिनिटं लागत असतील तर नवखा महिनाभरात सरावतो. पण बहुतेक दिवशी 25 आणि मधूनच 90 लागू लागली, की रोज 90 धरूनच घर सोडावं लागतं. कागदावरची सरासरी मात्र 40च राहते! म्हणूनच वाहतूक नियोजनात 95 पर्सेंटाइलची वेळही काढतात: 20 फेऱ्यांपैकी 19 वेळा जेवढ्या वेळात पोहोचता येतं ती. उमेदवाराला कंपनीने हा आकडा द्यावा. पाहणी दौऱ्यात त्याला सकाळी 11 वाजता मोकळ्या रस्त्यावरून फिरवण्यात काय हशील? घर, शाळा, कार्यालय हा फेरा कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी घडवा. नकार यायचाच असेल तर तो बिऱ्हाड हलवण्याआधी आलेला बरा.

शिवाय निर्णय त्या एकट्याचा नसतो. सोबत आलेल्या जोडीदाराकडे सुरुवातीला ना नोकरी, ना बहुधा वाहन परवाना. त्याचं शहर म्हणजे पायी जाता येईल तेवढंच. 14 मीटर रुंदीचा रस्ता सेकंदाला 1.2 मीटर वेगाने ओलांडायला 12 सेकंद लागतात, लहान मूल हाताशी असेल तर 16. पादचाऱ्यांचा सिग्नल 10 सेकंदांचा असेल आणि त्यातही वळणाऱ्या गाड्या घुसत असतील, तर समोरची बाग असून नसल्यासारखी. पदपथाला उतार नसला की बाबागाडी उचलूनच घ्यावी लागते.

उपाय म्हणून उड्डाणपूल सुचवले जातात. पुलावरून सुटलेल्या गाड्या पुढच्या सिग्नलला तुंबतात, एवढंच. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग 2008 पर्यंत रुंद केला, सेवारस्ते धरून काही ठिकाणी 26 मार्गिका झाल्या; कोंडी काही वर्षांत परतली. स्टॉकहोमने 2006 मध्ये शहरात शिरण्या-निघण्यावर शुल्क लावून पाहिलं, तेव्हा शुल्करेषा ओलांडणारी वाहनं सुमारे 20 टक्क्यांनी घटली. रस्ता काठोकाठ भरलेला असताना एवढी घट रांगा मोडायला पुरते.

प्रवासाची वेळ बेभरवशाची होण्याचं आणखी एक कारण अगदी साधं आहे. केबलसाठी खणलेला चर थराथराने न कुटता एकदम बुजवला, की पावसात खचतो आणि एक मार्गिका बाद होते. कुटाई तपासल्याशिवाय कंत्राटदाराची अनामत सोडू नये आणि डांबरीकरणाआधी सगळ्या खात्यांची खोदाई एकदाच उरकून घ्यावी.