‘किनाऱ्याची धूप’ नावाच्या दोन नोट्स: ताईंना आभाराचं पत्र

प्रिय ताई,

एका फोल्डरमध्ये अगदी एकाच नावाच्या दोन फाइल्स राहू शकत नाहीत, एवढं मला माहीत होतं. तरी ऑब्सिडियन या माझ्या नोट्सच्या ॲपमध्ये ‘किनाऱ्याची धूप’ नावाच्या दोन नोट्स एकाखाली एक दिसत होत्या, आणि एकीत लिहिलेलं दुसरीत नव्हतं. तो स्क्रीनशॉट मी तुम्हाला पाठवला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. दहा मिनिटांत तुमचं उत्तर आलं: ‘उद्या सकाळी बसू. तोवर काही खोडू नकोस.’

त्यानंतरचे चार रविवार तुम्ही मला दिलेत. अनुवाद गेल्या आठवड्यात संपादकांच्या हातात पडला. फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून लिहायला बसले. आणि उघड लिहिण्याचं कारण असं, की ‘नोट्ससाठी कुठले प्लगिन वापरतेस?’ (प्लगिन म्हणजे ॲपला वरून जोडायच्या सोयी) असं मला आता दोघातिघांनी विचारलंय, आणि मी त्यांना जे सांगते ते सगळं तुमच्याकडून आलेलं आहे. ते तुमच्या नावावर जमा व्हायला हवं.

तेव्हा माझी अवस्था काय होती ते तुम्ही पाहिलंतच. समुद्रकिनाऱ्यांवरचं विज्ञानाचं पुस्तक, परिभाषेच्या शेकडो नोट्स, प्रकरणागणिक शंका, आणि या सगळ्यावर चढवलेले ३८ प्लगिन. ऑब्सिडियनसाठी लोकांनी लिहिलेले प्लगिन दोन हजारांहून जास्त आहेत. ज्याची कोणी स्तुती केली तो मी घेत गेले. फोनवर ॲप उघडेपर्यंत डोक्यातला शब्द निघून जायचा.

मला वाटलं होतं, तुम्ही ३९वा प्लगिन सुचवाल. तुम्ही सगळे बंद करायला लावलेत. रिस्ट्रिक्टेड मोड चालू केला की बाहेरचा एकही प्लगिन चालत नाही, आणि नोट्सना धक्काही लागत नाही, कारण त्या मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुराच्या, फाइल्स असतात. मला भीती वाटत होती, तर तुम्ही तेच फोल्डर मला साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघायला लावलंत. सगळं जागच्या जागी होतं. मग म्हणालात, ‘आता आठवडाभर असंच काम कर. जिथे अडशील तिथे कागदावर एक ओळ लिही. प्लगिनचं नाव लिहायचं नाही, अडचण लिहायची.’

आठवड्याच्या शेवटी त्या कागदावर चारच ओळी होत्या. ३८ प्लगिन आणि अडचणी चार. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

पहिली ओळ होती, ‘रोज सकाळी तेच मथळे पुन्हा टाइप करते.’ ही अगदी सोपी निघाली. रोजची नोट बनवण्याची सोय ऑब्सिडियनमध्ये मुळातच आहे. तिला टेम्प्लेटर, म्हणजे ठरलेला साचा भरून देणारा प्लगिन, जोडला आणि तारीख, चालू प्रकरण, कालचा दुवा हे आपोआप यायला लागलं, कर्सरही नेमका लिहायच्या जागी थांबायला लागला. बाजूला लियाम केनचा कॅलेंडर प्लगिन ठेवला. त्यात तारखेखाली ठिपके दिसतात, मुळातल्या मांडणीत दर २५० शब्दांमागे एक. कुठल्या दिवशी काम झालं आणि कुठल्या दिवशी नाही, ते नुसत्या नजरेला कळतं.

दुसरी ओळ, ‘शंका कुठे लिहिली ते आठवत नाही.’ इथे तुम्ही जे शिकवलंत त्यावर माझा सगळा अनुवाद उभा राहिला. आधी मी शंका जिथे सुचेल तिथे लिहायचे, रोजच्या नोटेत, परिभाषेच्या नोटेत, कधी मसुद्याच्या मध्येच. तुम्ही म्हणालात, एक शंका म्हणजे एक नोट. नोटेच्या वर तीनच गुणधर्म, म्हणजे नाव आणि त्यापुढे माहिती अशा छोट्या नोंदी: प्रकरण, स्थिती आणि कोणाला विचारायचं. गुणधर्मांची नावं रोमन अक्षरांत छोटी ठेवायची, म्हणजे पुढे विचारणी, म्हणजे नोट्समधून हवं तेवढंच मागणारी छोटी आज्ञा, लिहिताना अडत नाही. त्यांतला मजकूर खुशाल मराठीत. तारखा मात्र इंग्रजी अंकांत, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. मराठी अंकांत लिहिलेली तारीख डेटाव्ह्यूच्या, म्हणजे नोट्सच्या याद्या आणि तक्ते दाखवणाऱ्या प्लगिनच्या, लेखी तारीख नसते, नुसती अक्षरं असतात. मी वर्षभर मराठी अंकांत तारखा लिहीत होते आणि यादीचा क्रम का बिघडतो म्हणून डोकं धरून बसत होते.

मग तुम्ही डेटाव्ह्यूची पहिली विचारणी माझ्याकडूनच लिहून घेतलीत. शंकांच्या फोल्डरमधून घे, स्थिती ‘उघडी’ असेल तेवढ्याच घे, प्रकरणाच्या क्रमाने लाव, तक्ता कर. चार ओळी. खाली तक्ता उमटला तेव्हा त्यात ४७ शंका होत्या. त्यांतल्या अकरा एकट्या सातव्या प्रकरणातल्या. ते प्रकरण पुढे का सरकत नाहीये हे मला त्या तक्त्यात पहिल्यांदा दिसलं. तोवर मी स्वतःच्या आळसाला दोष देत होते, आणि खरं तर भरती-ओहोटीची परिभाषाच ठरलेली नव्हती. तुम्ही पुढे काही बोलला नाहीत, नुसतं ‘आता आधी हे मिटव’ म्हणालात. त्या एका वाक्यासाठी मी तुमची फार ऋणी आहे.

तिसरी ओळ डोळ्यांची. ‘संध्याकाळी वाचवत नाही.’ यावर मी आधी पाच-सहा थीम बदलून झाले होते. तुम्ही थीमला हातच लावला नाहीत. म्हणालात, देवनागरीला वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, तिला रोमन लिपीपेक्षा उंची जास्त लागते. ओळी मोकळ्या कर. ऑब्सिडियनच्या मुळातल्या मांडणीत ओळींची उंची अक्षराच्या १.५ पट असते. सीएसएसच्या, म्हणजे पडद्यावरचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या, एका छोट्या तुकड्याने (स्निपेटने) ती १.८ केली. ती फाइल सेटिंग्जच्या लपलेल्या फोल्डरमधल्या स्निपेट्समध्ये ठेवायची आणि ‘अपिअरन्स’च्या तळाशी जाऊन चालू करायची, झालं. फॉन्ट म्हणून तिरो देवनागरी मराठी घेतला, कारण त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे आहेत. इतकी वर्षं मी माझीच भाषा परक्या वळणात वाचत होते आणि तोच शीण डोळ्यांवर येत होता, असं मला आता वाटतं.

आणि चौथी ओळ, ज्यापासून हे सगळं सुरू झालं. ‘शोधलं तर सापडत नाही.’

तुम्ही दोन्ही नोट्सची नावं कॉपी करायला सांगितलीत आणि त्यातला फक्त पहिला शब्द अक्षरं मोजणाऱ्या एका साध्या सोयीत टाकायला लावलात. दिसायला तंतोतंत सारखे दोन शब्द, पण एकाची मोजणी दुसऱ्यापेक्षा एकाने जास्त. मी तीनदा करून पाहिलं. तेव्हा तुम्ही समजावलंत की ‘ऱ्या’ दोन प्रकारे लिहिला जातो. एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लागतो. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि पुढे एक न दिसणारं चिन्ह, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द. मी घरी संगणकावर एक प्रकार लिहीत होते आणि प्रवासात फोनवर दुसरा. फोनवर दुहेरी चौकटी कंसात ‘किनाऱ्याची धूप’ लिहून दुवा दिला आणि तो उघडायला गेले की ॲप आपली नवी नोट बनवत होतं. त्याचं काही चुकत नव्हतं. किनारा हाच विषय असलेल्या पुस्तकात हा शब्द किती वेळा आला असेल!

त्यावर तुम्ही लिंटर सुचवलात. नोट जतन होताना तो तिची साफसफाई करतो, आणि त्यात स्वतःचे शोधा-बदला नियम घालता येतात. एकच नियम घातला: साधा ‘र’, हलन्त आणि ते अदृश्य चिन्ह दिसलं की त्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त. पण तो चालवण्याआधी पूर्ण व्हॉल्टची, म्हणजे नोट्सच्या अख्ख्या फोल्डरची, प्रत काढायला लावलीत, आणि आधी दहा नोट्सवर चालवून मला एकेक ओळ तपासायला लावलीत. मला घाई होती, तुम्हाला नव्हती. लिंटर नोटेच्या आतला मजकूर बदलतो, फाइलचं नाव बदलत नाही, हे तेव्हाच लक्षात आलं. म्हणून जुळ्या नोट्स हाताने एकत्र कराव्या लागल्या. दोन नोट्स जोडण्याची सोय ॲपमध्येच होती. अशा २३ जोड्या निघाल्या. शेवटची जोडी मिटली तेव्हा तुम्ही पलीकडे चहाचा कप वर उचललात, ते मला अजून दिसतं.

मी आता दुसऱ्यांना सगळ्यात आधी काय सांगते माहितीये? तुम्ही तिसऱ्या रविवारी सहज बोलून गेलात ते. प्लगिन दोन जातींचे. एक लिहून जाणारे, एक दाखवून जाणारे. टेम्प्लेटर नोटेत मजकूर लिहून मोकळा होतो. उद्या तो काढला तरी लिहिलेलं राहतं. डेटाव्ह्यू फक्त दाखवतो. तो काढला की तक्ता जातो आणि नोटेत नुसती विचारणी उरते. म्हणून जे कायम हवं ते तक्त्यात ठेवायचं नाही, गुणधर्मांत ठेवायचं. कामं रकान्यांत मांडणाऱ्या कानबानचा फलक आत मथळे आणि याद्यांच्याच रूपात असतो, म्हणून प्लगिनशिवायही वाचता येतो. आकृत्या काढायच्या एक्सकॅलिड्रॉमधली आकृती मात्र प्लगिनशिवाय आकृती म्हणून दिसत नाही, तेव्हा तिची चित्रफाइल आपोआप निघत राहील अशी सेटिंग आधीच करून ठेवायची. किनाऱ्याच्या उभ्या छेदाच्या माझ्या सहाही आकृत्या अशाच शाबूत राहिल्या. प्लगिनला ॲपइतकेच अधिकार मिळतात, त्यामुळे शेवटचा बदल केव्हा झालाय आणि कोड सगळ्यांना बघायला उघडा आहे का, हे बघितल्याशिवाय मी आता एकही बसवत नाही. व्हॉल्टची प्रत गिटच्या, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या, प्लगिनने रोज निघते.

एका बाबतीत मी तुमचं ऐकलं नाही, ते इथेच कबूल करते. रंगांत वेळ घालवू नकोस असं तुम्ही म्हणाला होतात. मी शंकांच्या नोट्सना त्यांच्या गुणधर्मांत वेगळा सीएसएस वर्ग, म्हणजे रूप ठरवायची एक खूण, दिला आणि त्यांची पार्श्वभूमी फिकट पिवळी केली. परिभाषेची नोट समजून शंकेच्या नोटेत लिहिणं त्याने थांबलं. मला त्याचा खरोखर उपयोग होतो, आणि तुम्ही एकदा बघाल तर तुम्हालाही पटेल असं वाटतं.

ताई, तुमची स्वतःची कामं काय कमी होती? तरी दर रविवारी तुम्ही माझ्या पडद्याकडे बघत बसलात आणि एकदाही माऊस स्वतःकडे घेतला नाहीत. दर वेळी ‘तू कर, मी बघते’. त्यामुळे ३८चे सहा झाले, आणि त्या सहांतला प्रत्येक कशासाठी आहे ते मला न बघता सांगता येतं.

मसुदा पाठवायच्या आदल्या रात्री मी उघड्या शंकांची नोट उघडली. विचारणी तीच, चार ओळींची. खाली एकही ओळ आली नाही. मी आधी घाबरले, प्लगिन बंद पडलाय की काय. मग स्थिती ‘मिटली’ करून विचारलं, तेव्हा सगळ्या शंका ओळीने आल्या, सातव्या प्रकरणातल्या त्या अकरांसकट.

२०२५ मध्ये ऑब्सिडियनमध्येच बेसेस ही नोट्सचे तक्ते करण्याची सोय आली, आणि डेटाव्ह्यूचे बरेच तक्ते त्यात जमतात असं तुम्ही मागे म्हणाला होतात. पुढच्या पुस्तकाचा व्हॉल्ट त्यावर उभा करून बघणार आहे. या वेळी कोरा, आणि शेजारी कागद. रविवारी सकाळी मोकळ्या असाल तर दाखवते. तुम्ही करायचं काही नाही, नुसतं बघायचं.

तुमची,
अनुवादवाली