खुर्चीवरचे कपडे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. 'पाहुणा आला की त्याला बसवण्याआधी खुर्ची उपसावी लागते' हे वाचून मी मोठ्याने हसलो, आणि पुढचं पान वाचून गप्प झालो. बाबांच्या खोलीचं दार तू वर्षभर उघडलेलं नाहीस, हे फोनवर कधी बोलला नव्हतास. त्याबद्दल लिहितो, पण शेवटी. आधी तू विचारलंस ते: मी घर आवरायला कुठून सुरुवात केली.

चुकीच्या टोकाकडून. सांगायला लाज वाटते, पण मी सुरुवात खरेदीने केली. एका मापाचे अठरा पारदर्शक डबे आणले आणि एका रविवारी दिसेल ती वस्तू त्यांत कोंबली. संध्याकाळी घर असं दिसत होतं की मी फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. महिनाभरात लक्षात आलं, आवरलं काहीच नव्हतं. पसारा होता तेवढाच होता, फक्त आता तो डब्यांत होता आणि डबे ठेवायला जागा नव्हती. नाकापेक्षा मोती जड. मग डब्यांसाठी रॅक घेतला. रॅक आला तसं शेजारचं जुनं कपाट कळाहीन दिसायला लागलं. ते बदलायच्या बेतात होतो, तेवढ्यात दिदरोचा किस्सा वाचनात आला. या फ्रेंच लेखकाने १७६९ मध्ये आपल्या जुन्या झग्याविषयी हळहळत लिहून ठेवलंय. नवा उंची झगा अंगावर आला आणि त्याच्यापुढे टेबल, खुर्ची, भिंतीवरची चित्रं सगळंच फिकं पडलं, मग एकेक करून तेही बदललं. जुन्या झग्याचा मी मालक होतो, नव्याचा गुलाम झालो, असं तो म्हणतो. मी कपाटाचा विचार सोडला. तेव्हा तुला पहिली विनवणी: अजून एकही डबा आणू नकोस. काय ठेवायचं ते ठरल्यावर, टेपने जागा मोजून, मग आण.

दुसऱ्या वेळी मी कात्र्यांपासून सुरुवात केली. का, विचारू नकोस, त्या दिवशी कात्री सापडत नव्हती एवढंच. घरभर फिरून जिथे असेल तिथून प्रत्येक कात्री आणली आणि पलंगावर ओळीने मांडली. सात निघाल्या! माणसं चार, कात्र्या सात, आणि तरी दर महिन्याला 'कात्री कुणी घेतली?' म्हणून आरडाओरडा. काखेत कळसा म्हणतात तो हाच. सापडत नाही म्हणून नवी आणायची, ती आणखी एका खणात जायची, आणि पुढच्या वेळी शोधायला एक जागा वाढायची. खोली खोली करत आवरलं असतं तर हे कधीच दिसलं नसतं, कारण प्रत्येक खोलीत कात्री एकच होती. एका जातीच्या वस्तू घरभरातून गोळा करून एकत्र पाहिल्या की आपलाच आपल्याला धक्का बसतो. वायरींचंही तेच झालं. तेवीस वायरी, त्यांतल्या निम्म्यांची यंत्रं केव्हाच मोडीत गेलेली. त्याच ढिगात एक जुना फोन होता, त्याची बॅटरी टम्म फुगून पाठीचं झाकण उचललं गेलं होतं. असली बॅटरी दिसली तर दाबू नकोस, टोचू नकोस, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नकोस. पेट घेते. इलेक्ट्रॉनिक कचरा जिथे घेतात तिथेच द्यायची. आणि बंद पडलेल्या रिमोटमधले सेल काढून ठेव. पांढरी पूड दिसली तर तो सेल पाझरलाय, उघड्या हाताने धरू नकोस.

तू लिहिलंयस, 'टाकायला हात धजत नाही.' माझाही धजत नव्हता. आपण दोघेच असे नाही रे. १९९० मध्ये काहनेमन, नेच आणि थेलर या तिघा संशोधकांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना साधा कॉफीचा मग दिला आणि विचारलं, किती मिळाले तर विकाल? उरलेल्यांना विचारलं, कितीला घ्याल? ज्यांच्या हातात मग होता त्यांनी दुपटीहून जास्त किंमत सांगितली. आणि तो मग काही मिनिटांपूर्वीच मिळालेला! माझा मोडका टेबलफॅन तर बारा वर्षांचा होता. तेव्हापासून मी 'हे ठेवू का?' असं विचारणंच सोडलं. 'आज हे माझ्याकडे नसतं, तर मी आणायला गेलो असतो का?' असं विचारतो. उत्तर फार लवकर येतं, बहुतेक वेळा मान हलायच्या आधीच.

ज्यांचं उत्तर येतच नाही अशा वस्तूंसाठी एक खोका केला. वर तारीख लिहिली, चिकटपट्टी लावली आणि माळ्यावर टाकला. सहा महिन्यांत उघडायची गरज पडली नाही, तर न उघडता देऊन टाकायचा. मी तो एकदाच उघडला, पाना शोधायला. पाना त्यात नव्हता.

कपड्यांचं थोडक्यात. सगळे हँगर उलट्या बाजूने अडकव, घातलेला कपडा परत ठेवताना सुलट अडकव. सहा महिन्यांनी जे उलटे राहतील ते कुणाच्या तरी अंगावर जास्त शोभतील. यात विचार करावा लागत नाही, म्हणून मला आवडलं.

आता मुद्द्याचं. हे सगळं करूनही खुर्ची काही मोकळी होईना. तुझ्याकडे आहे तशीच आमच्याकडेही एक आहे, जिच्यावर कुणी बसत नाही. रोज रात्री मी तिच्यावरचे कपडे कपाटात ठेवायचो, रोज सकाळी ती भरलेली. बायको म्हणाली, तू आळशी आहेस. मी मान्य केलं. पण एकदा पलंगावर लोळत त्या ढिगाकडे बघता बघता लक्षात आलं की त्यातला प्रत्येक कपडा एकदा घातलेला आहे. धुवायला टाकावा इतका मळलेला नाही, धुतलेल्यांत ठेवावा इतका स्वच्छ नाही. आमच्या अख्ख्या घरात अशा कपड्याला जागाच नव्हती. कपाट स्वच्छांचं, बादली मळक्यांची, मग मधल्यांनी जायचं कुठे? खुर्चीवर. मी खुर्ची तिथून हलवली आणि नेमक्या त्याच जागी, भिंतीवर, पाच खुंट्या ठोकल्या. तेवढ्याने भागलं. पाचच, कारण दहा ठोकल्या असत्या तर दहाही भरल्या असत्या.

पायवाट कशी पडते ते तू पाहिलं आहेस ना? बाग आखणारा काटकोनात फरशा घालतो आणि माणसं गवतातून तिरकी जातात. घरातही आपण तिरकेच चालतो. किल्ल्या टेबलावर पडतात, कारण दारातून आत आल्यावर हाताला पहिलं तेच लागतं. मी वर्षभर किल्ल्यांचा हूक आतल्या खोलीत लावून स्वतःला शिस्त लावत होतो. हूक उचलून दाराशी आणला, शिस्तीचा प्रश्न संपला. बायकोचा चष्मा कायम सोफ्याच्या डाव्या हातावर सापडतो, तर तिथेच एक छोटी पिशवी अडकवली. आठवडाभर काहीही आवरू नकोस. नुसतं बघ, कोणती वस्तू रोज कुठे जाऊन पडते. जिथे पडते तिथेच तिचं घर बांध. मला वाटतं आपण घर आवरायला बसतो ते एका शहाण्या, टापटीप माणसासाठी. तो माणूस आपल्या घरात राहत नाही, कधी राहणारही नाही.

स्वयंपाकघराच्या बाबतीत हे एका बाईने शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की ही वास्तुरचनाकार. १९२६ मध्ये तिने फ्रँकफुर्टमधल्या नव्या घरांसाठी जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं स्वयंपाकघर आखलं. तिथे काम करणाऱ्या बाईची किती पावलं आणि किती वेळ वाया जातो, याचा हिशेब करून. सुक्या जिनसांसाठी धरायला मूठ आणि ओतायला तोटी असलेले, नावं कोरलेले ॲल्युमिनियमचे खण, बसून काम करता येईल असं फिरतं स्टूल. आणि गंमत म्हणजे तोवर तिने स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, असं तीच सांगायची. मी तिच्यासारखा हिशेब केला नाही, पण एक दिवस किती वेळा वाकतो आणि किती वेळा टाचा उंचावतो ते मोजलं. मग रोज लागणारं सगळं कंबर ते डोळे या पट्ट्यात आणलं, जड भांडी खाली, वर्षातून एकदा लागणारं वर. आमचे कप्पे दोन फूट खोल आहेत, म्हणजे मागचा एक फूट विस्मरणात गेलेला. तिथे लांब ट्रे ठेवले, ओढले की मागचंही पुढे येतं. आणि झाकण नसलेले डबे, डबा नसलेली झाकणं! एका दुपारी त्यांच्या जोड्या जुळवल्या. अकरा अविवाहित निघाले.

कागदांत मात्र घाई करू नकोस. जन्मदाखले, घराची कागदपत्रं, शिक्षणाची प्रमाणपत्रं एका फाइलीत, आणि ती फाइल कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत हवं. खरेदीच्या पावत्या ज्या गुळगुळीत कागदावर येतात त्यांच्यावर शाई नसते, उष्णतेने अक्षर उमटतं आणि कालांतराने उडूनही जातं. वॉरंटीचं बिल असेल तर आजच फोटो काढ. औषधं न्हाणीघरातल्या आरशामागे ठेवत असशील तर काढ तिथून, वाफेने आणि ओलीने खराब होतात. पुस्तकांच्या खोक्यांना भिंतीपासून चार बोटं लांब ठेव. ओल आणि खळ दोन्ही कसरीला आवडतात.

आता माझा गुन्हा. सपाटा चालू असताना माळ्यावर एक पिशवी सापडली, आत पिवळ्या पडलेल्या वह्या. चाळल्याही नाहीत, रद्दीत गेल्या. त्या बायकोच्या कॉलेजातल्या होत्या. ती ओरडली नाही. तीन दिवस बोललीच नाही, आणि चौथ्या दिवशी शांतपणे म्हणाली, 'माझं अक्षर तेव्हा चांगलं होतं.' अजून आठवलं की पोटात खड्डा पडतो. त्यानंतर ठरलं, ज्याची वस्तू त्याचा निर्णय. आईला सुतळीची गुंडाळी, रिकाम्या बाटल्या, जुने लिफाफे यांतलं काही टाकवत नाही. तिने टंचाईचे दिवस पाहिले आहेत, तिला मी काय अक्कल शिकवणार! तिला एक मोठा खण दिला आणि सांगितलं, इथे माझं राज्य नाही. तो खण ओसंडतो. बाकीचं घर मोकळं आहे.

आणि वहिनीला एवढं तरी म्हणू नकोस, की पसाऱ्याचं काय एवढं मनाला लावून घेतेस. २०१० मध्ये सॅक्सबी आणि रेपेटी या दोघी संशोधिकांनी कॅलिफोर्नियातला एक अभ्यास प्रसिद्ध केला. घर दाखवताना ज्या बायका पसारा, अर्धवट राहिलेली कामं असंच बोलत होत्या, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दिवसभरात उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. कशामुळे काय, ते यातून सिद्ध होत नाही. पण मी ते वाचलं आणि उठून भिजत पडलेलं एक घोंगडं उचललं: आठ महिने भिंतीला टेकवून ठेवलेली चौकट. ठोकायला सात मिनिटं लागली.

सगळं छान चाललंय असं समजू नकोस. जेवणाचं टेबल अजून हरवतं मला. कमरेइतकी उंची, सपाट आणि येण्याजाण्याच्या वाटेवर, म्हणजे वस्तू टाकायलाच केलेलं. आठ दिवस स्वच्छ, नवव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं घड्याळ लावून आवरतो, दहा झाली की हातातलंही तसंच ठेवून झोपतो. मुलगा त्या घड्याळावर खूश आहे, कारण ते वाजलं की त्याचीही सुटका होते.

आता बाबांची खोली. तिथून सुरुवात करू नकोस. आधी वायरी, औषधं, झाकणं, ज्यांच्यावर कुणी रडत नाही अशा वस्तू. निर्णय घ्यायची सवय हाताला लागू दे. माझे वडील गेल्यावर सगळे म्हणाले, फोटो काढ आणि वस्तू देऊन टाक. मी त्यांच्या ट्रान्झिस्टरचा फोटो काढला. खरं सांगतो, एकदाही उघडून पाहिला नाही. ट्रान्झिस्टर गेला त्याची रुखरुख आहेच. उलट त्यांचा मोजायचा टेप मी ट्रंकेत न ठेवता स्वयंपाकघराच्या खणात ठेवला. पहिल्या दहा सेंटिमीटरचे आकडे त्यांच्या अंगठ्याने पुसलेत, त्यामुळे मला दहापासून मोजून दहा वजा करावे लागतात. दर वेळी वैतागतो, आणि दर वेळी ते आठवतात. तुझ्या बाबांची हत्यारांची पेटी त्या खोलीतच असणार. तेवढी बाहेर आण, हाताशी ठेव. डायऱ्या आत्ता वाचू नकोस. चष्मा ठेवायचा की नाही हे यंदाच ठरवलं पाहिजे असं कुठे आहे?

शनिवारी सकाळी येतो. दार तू उघड, मी मागे उभा राहीन. त्या दिवशी फक्त खिडक्या उघडू, धूळ झटकू, बाकी कशाला हात लावायला नको. खुंट्यांचं सामान मी आणतो, तू भिंत ठरवून ठेव. टेपही घेऊन येईन, पण वजाबाकी तू करायची.

तुझाच,
सात कात्र्यांचा धनी

ता. क. आता कात्र्या तीन आहेत. उरलेल्या चारांतल्या दोन तुझ्यासाठी आणणार होतो. बायको म्हणाली, 'त्याच्याकडे आधी मोज.'